कौलं शंभर वर्षांची, पण खालचा कागद?

प्रश्न थोडक्यात असा: लॉस एंजेलिसमधल्या कार्थे सर्कल वस्तीत १९२७ सालचं बैठं स्पॅनिश घर विकायला आहे. जाहिरातीत ‘अतिशय प्रेमानं जीर्णोद्धार केलेलं’ असं लिहिलंय आणि किंमत त्याच गल्लीतल्या दुसऱ्या घरापेक्षा बरीच वर आहे. घरात तुम्ही दोघं, एक मुलगी आणि वर्षातले सहा महिने पुण्याहून येणारे सासू-सासरे. तुम्ही विचारलंय, जास्तीचे पैसे मोजावेत का, ऐतिहासिक वस्तीत घर घेतलं की आपलेच हात बांधले जातात का, आणि जुन्या खिडक्या काढून दुहेरी काचेच्या बसवता येतील का.

मी वास्तुविशारद आहे. १९२० ते १९४० च्या दरम्यानच्या इथल्या घरांची दुरुस्ती हेच गेली वीसेक वर्षं माझं काम. घर मी पाहिलेलं नाही, त्यामुळे ‘घ्या’ किंवा ‘सोडा’ असं लिहिणार नाही. नुसते फोटो बघून कुणी तसं सांगत असेल, तर त्याचं कमिशन कुठून येतं ते आधी बघा.

तुमच्या तीन प्रश्नांच्या मागे खरा प्रश्न एकच आहे: हे काम किती खोल गेलंय? जीर्णोद्धार हा शब्द फार लवचिक आहे. आपल्याकडे काळ्या दगडाच्या देवळाला ऑइलपेंट फासतात, गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स लावतात आणि दारावर ‘जीर्णोद्धार’ म्हणून देणगीदारांची पाटी ठोकतात. इथेही तसंच चालतं, फक्त पाटीऐवजी ऑलिव्हचं झाड लावतात. पांढराशुभ्र रंग, काळ्या खिडक्या, नवं स्वयंपाकघर, बाथरूममध्ये ‘स्पॅनिश वाटणारी’ छापील फरशी, एवढं सहा महिन्यांत उरकतं. त्याच पैशात कुणी छप्पर उतरवून परत चढवलं असेल, पाया बांधून घेतला असेल, तर ते फोटोत दिसतच नाही. म्हणजे जे दिसतं त्याचे पैसे तुमच्याकडून मागितले जातायत, आणि किंमत ठरते न दिसणाऱ्यावर.

या घरांचा स्पेनशी संबंध तसा लांबचा. सॅन डिएगोच्या बाल्बोआ पार्कात १९१५ साली पनामा-कॅलिफोर्निया प्रदर्शन भरलं, तिथल्या वास्तुविशारद बर्ट्रम गुडह्यूच्या इमारतींनी लोकांना वेड लावलं. मग २९ जून १९२५ च्या भूकंपात सांता बार्बरा शहराचा मध्यभाग कोसळला आणि ते शहर ठरवून याच शैलीत पुन्हा उभं राहिलं. तोवर अख्ख्या दक्षिण कॅलिफोर्नियात बिल्डर मंडळी कमानी आणि लाल कौलं लावत सुटली होती. दिसायला जाड मातीच्या भिंती, पण आत लाकडाचा सांगाडा, त्यावर डांबरी कागद, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी आणि जाळीवर पाऊण-एक इंच सिमेंटचा गिलावा. दर्शनी कमानीची दीड फूट जाडीची भिंत ठोकून बघा, ढोलकीसारखी वाजेल. आत दोन सांगाडे आणि मधे हवा असते. आपण वाड्याच्या भिंतींवर वाढलेली माणसं, म्हणून हे आधीच सांगते. वाड्याच्या भिंतीला ओल आली तर ती कधीतरी सुकते. या भिंतीत आत गेलेलं पाणी लाकूड खातं, आणि जे उरतं ते वाळवी खाते.

म्हणून मी कुठलंही घर बघायला गेले की पाणी कुठून येतं आणि कुठून जातं, एवढंच आधी शोधते. सुरुवात छपरापासून.

आमचं घर राजापूरकडचं. लहानपणी मे महिन्यात शाकारणी असायची. नळे उतरवायचे, फुटके बाजूला काढायचे, मोडके वासे-रिपा बदलायच्या आणि परत चढवायचे. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडायचा आणि कौलांखाली काही नसायचं, पण उतार इतका की पाण्याला थांबायला सवड मिळत नसे. इथे वर्षाचा पाऊस साडेतीनशे-पावणेचारशे मिलिमीटर, म्हणून उतार अगदी कमी ठेवलेला. उतार कमी असला की कौलांच्या खाचांतून थोडं पाणी खाली उतरतंच आणि ते अडवतो खालचा डांबरी कागद. इथल्या घरात कौल म्हणजे छत्री, खरं छप्पर तो कागद.

कौल शंभर वर्षं टिकतं. कागद वीस-तीस, चांगला असला तर चाळीस. एका घरी मी कडेचं एक कौल उचललं, तर खालचा कागद भाजलेल्या पापडासारखा बोटात चुरला. त्या घरानंही जाहिरातीत ‘मूळ १९२६ ची कौलं’ असं अभिमानानं लिहिलं होतं. कौलं मूळचीच होती, कागद कधीचा ते विचारायला हवं होतं. तेव्हा तुमचा पहिला प्रश्न: कौलं उतरवून खाली नवा कागद घातला का, कोणत्या साली, आणि त्याची पावती आहे का? नीट केलेल्या कामात जुनी कौलं हातानं उतरवून रचून ठेवतात, फुटतील तेवढी जुन्या मालाच्या वखारीतून आणतात आणि बाकीची तीच परत लावतात. गल्लीतून बघितलं तर कौलांत विटकरी, शेंदरी, थोडा करपलेला असे पाच-सहा रंग मिसळलेले दिसले पाहिजेत. सगळं छप्पर एकसारखं तांबडं आणि कौल इंग्रजी एस अक्षरासारखं एकसंध असेल, तर तो नवा माल आहे. तो वाईट असतोच असं नाही, पण मग त्याला जीर्णोद्धार म्हणू नये. (ही कौलं कामगारांच्या मांडीवर घडवत, म्हणून ती निमुळती, असं एजंट हमखास सांगतो. हसून सोडून द्या. निमुळता आकार साच्याचा, कारण एक कौल दुसऱ्यात सरकायला हवं. आमच्याकडचा कुंभार चाकावर निमुळतं नळकांडं काढून उभं चिरायचा, मांडीची गरज त्यालाही पडत नव्हती.)

आणखी एक गोम आहे. या आकाराच्या बऱ्याच घरांत कौलं फक्त दर्शनी भागावर, झालरीसारखी असतात. बाकीचं छप्पर सपाट, डांबराचं, आणि भोवती हातभर उंच कठडा. पाणी बाहेर जायला कठड्याला दोन-तीन भोकं, बस्स. मी पाहिलेल्या गळक्या स्पॅनिश घरांपैकी बहुतेक या कठड्यापाशी गळत होती. कठड्याच्या माथ्यावर गिलाव्याला बारीक भेग जाते, पाणी आत शिरतं आणि आठ फूट खाली खिडकीच्या कोपऱ्यात डाग बनून उगवतं. लोक खिडकी दुरुस्त करतात. शिडी लावून वर चढा, किंवा चढणारा माणूस न्या. सपाट भागावर मातीची गोल वर्तुळं दिसली तर तिथे पाणी साचतं, हे बघायला पाऊस लागत नाही.

आता भिंत. इथे माझी स्वतःची चूक सांगते, कारण तीच चूक ताज्या रंगाखाली तुमच्याकडेही लपलेली असू शकते. स्वतंत्र काम सुरू करून तिसरं वर्ष होतं. पॅसाडीनातलं एक घर, गिलाव्याला केसासारख्या भेगा, मालकांना त्या नको होत्या. रंगाऱ्यानं रबरासारखा जाड रंग सुचवला, भेगा कायमच्या बुजतात म्हणाला, आणि मी मान डोलावली. घर सुरेख दिसलं. अडीच वर्षांनी मालकीणबाईंचा फोन आला, भिंतीला फोड आलाय. गेले तर जमिनीपासून फूटभर वर रंगाचा नारळाएवढा फुगा. नखानं टोचला तर आतून तपकिरी पाणी मनगटावर आलं. कठड्यातून पाणी आत शिरत होतं. पूर्वी ते गिलाव्यातून हळूहळू सुकून जात असणार, आता मी त्याला रेनकोट घातला होता. भिंत उघडली. पायावरच्या आडव्या लाकडात स्क्रू ड्रायव्हर दाबला, तो चहात बुडवलेल्या पावात जावा तसा मुठीपर्यंत गेला. चौदा फूट लाकूड बदललं आणि निम्मा खर्च मी दिला.

तेव्हापासून नवा पांढराशुभ्र रंग दिसला की मी आधी तो कसला आहे ते विचारते. विजेच्या मीटरच्या पेटीमागे किंवा बाहेरच्या दिव्याच्या तबकडीखाली जुना गिलावा बहुधा उघडा सापडतो. या घरांत रंग अनेकदा गिलाव्यातच कालवलेला असे, मलईसारखा, बदामी, फिकट गुलाबी. केसासारख्या भेगा असू द्याव्यात. नखाचं टोक जाईल एवढी भेग असेल तरच ती भरायची, आणि वरून श्वास घेणारा, म्हणजे खनिज किंवा सिमेंटचा पातळ रंग द्यायचा. आणखी एक खूण: त्या काळचा हाताचा गिलावा तिरप्या उन्हात हलकासा लाटांसारखा दिसतो. केकवरच्या क्रीमसारखे फटकारे मारलेले असतील तर बहुतेक वेळा ती नंतरची हौस असते. भिंतीच्या पायाशीही बघा. जुना गिलावा थेट मातीत गेलेला असतो. तिथे कुणी वाफा करून माती चढवली असेल तर वाळवीला जिनाच बांधून दिलाय.

खिडक्यांचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. त्या काढू नका. १९२७ ची लाकडी खिडकी त्या काळच्या जुन्या, दाट कणाच्या लाकडाची असते. वर-खाली सरकवायची दोरी बदलली, लांबी नव्यानं भरली, कडेला पट्टी लावली की ती तुमच्या मुलीच्या म्हातारपणापर्यंत चालेल. दुहेरी काचेची सीलबंद खिडकी पंधरा-वीस वर्षांत आतून धुरकट होऊ शकते आणि तिची दुरुस्ती होत नाही, फेकूनच द्यावी लागते. उन्हाळ्याची धास्ती असेल तर पैसे माळ्यावर घाला, तिथे जाड थर पसरून घ्या. रस्त्याचा आवाज येत असेल तर खिडकीच्या आतून लावायची जादा काच मिळते, ती आतली असल्यामुळे तिला वस्तीच्या नियमांची परवानगी लागत नाही. भिंतींच्या पोकळीत मात्र घाईनं काही भरू नका. भिंत कोरडी राहते याची खात्री पटेपर्यंत ती पोकळी तिच्या कामाची आहे.

विकणाऱ्यानं दर्शनी खिडक्या आधीच विनाइलच्या केल्या असतील, तर माझ्या लेखी ‘प्रेमानं’ हा शब्द तिथेच खोडायचा.

आतल्या सामानात शेकोटीच्या फरश्या बघा. अर्नेस्ट बॅचेल्डर या माणसानं पॅसाडीनात १९१० च्या सुमारास सुरू केलेल्या भट्टीच्या मंद, मातकट, खोलगट भागात निळसर झाक असलेल्या फरश्या त्या काळच्या अनेक घरांत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये पॅसाडीनाशेजारच्या आल्टाडीनातली घरं वणव्यात जळाली तेव्हा नुसती धुराडी उभी राहिली होती, आणि स्वयंसेवकांनी बुलडोझर येण्याआधी त्यांवरच्या या फरश्या एकेक करून सोडवल्या. कुणी त्यांवर रंग फासला असेल तर हताश होऊ नका, तो निघतो. बाथरूम मूळचं लालकाळं किंवा जांभळं-पिवळं असेल आणि फरशा घट्ट असतील, तर ते तसंच ठेवण्यासाठी मी भांडेन. जाड मसाल्याच्या थरावर बसवलेली ती फरशी आजच्या कोणत्याही कामापेक्षा पक्की असते. हॉलजवळ टेलिफोनचा कोनाडा असेल. तो बुजवलेला नसला तर घर सांभाळणारं कुणीतरी होतं असं मी समजते.

बाकीचं, सहसा नजरेआड राहणारं भरभर सांगते. जुनी चिनी मातीच्या गोट्यांवरून नेलेली वायर माळ्यावर उरली आहे का बघा, कारण अनेक विमा कंपन्या ती बघून नकार देतात. कॅलिफोर्नियात सध्या विमा मिळणंच मुश्किल झालंय, म्हणून विम्याची चौकशी ऑफर पक्की होण्याआधी करा. मैलापाण्याची भाजक्या मातीची नळी रस्त्यापर्यंत जाते, तिच्या सांध्यांत झाडांची मुळं शिरतात. कॅमेरा घालून बघायला काहीशे डॉलर लागतात, बदलायला पाच आकडी रक्कम. त्या काळची बरीच घरं पायावर नुसती ठेवलेली असत, बोल्ट न मारता. तिथे बोल्ट आणि प्लायवूड मारून घेतलंय का बघा. नसेल तर राज्याची ‘अर्थक्वेक ब्रेस अँड बोल्ट’ योजना ठरावीक पिनकोडांत ३,००० डॉलरपर्यंत मदत देते. विटांचं धुराडं मजबूत केलेलं नसेल तर त्या भिंतीच्या आत मुलीचा पलंग ठेवू नका. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात धुराडी हजारोंनी पडली.

इथवरचं एका दमात: कौलांखालचा कागद, सपाट छपराचा कठडा, भिंतीचा रंग, मूळ खिडक्या आणि पायाचे बोल्ट. या पाचांपैकी चार ठिकाणी पावतीसह उत्तर मिळालं, तर मागितलेली जास्तीची किंमत मी रास्त धरीन. दोनच मिळाली तर तुम्ही रंगाचे पैसे देताय.

आता हात बांधले जाण्याबद्दल. लॉस एंजेलिसमध्ये १९७९ पासून ऐतिहासिक वस्त्यांचा कायदा आहे, इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला एचपीओझेड म्हणतात, आणि अशा तीसहून जास्त वस्त्या आहेत. तुमची त्यांपैकीच एक. नियम बाहेरच्या रूपाला लागतात, मुख्यतः रस्त्यावरून दिसणाऱ्या भागाला. आत स्वयंपाकघर, बाथरूम तुमच्या मर्जीनं करा, बांधकामाचा नेहमीचा परवाना तेवढा लागतो. मागच्या बाजूला बरीच मोकळीक असते, पण प्रत्येक वस्तीचा स्वतःचा आराखडा असतो आणि ‘मागे म्हणजे कुठून मागे’ हे त्यात लिहिलेलं असतं, ते वाचा. तुमचं घर यादीत ‘वस्तीच्या वारशात भर घालणारं’ म्हणून नोंदलंय की नाही हेही बघा, कारण तिथे नियम जास्त कडक लागतात. माझा अनुभव सांगायचा तर परवानगी देणाऱ्या मंडळासमोर वाद होतो तो बहुधा काम आधी करून मग परवानगी मागणाऱ्यांचा.

याच नियमांच्या दुसऱ्या बाजूला एक फायदा आहे, आणि तुम्ही त्याबद्दल विचारलेलंच नाही. राज्यात १९७२ पासून मिल्स कायदा आहे. मालक शहराशी किमान दहा वर्षांचा करार करतो, घर अमुक पद्धतीनं दुरुस्त करीन आणि सांभाळीन म्हणून, आणि त्या बदल्यात घरपट्टी बाजारभावाऐवजी वेगळ्या हिशेबानं लागते. घरपट्टी खरेदीच्या किमतीला बांधणाऱ्या १९७८ च्या प्रपोझिशन १३ या कायद्यामुळे जुन्या मालकांची घरपट्टी आधीच कमी असते, म्हणून त्यांना यात फारसं मिळत नाही. पण आजच्या भावानं विकत घेणाऱ्याची घरपट्टी ४० ते ६० टक्के उतरू शकते. अर्ज शहर कधी घेतं, कधी थांबवतं, किमतीच्या मर्यादाही असतात, त्यामुळे त्यावर गणित बांधू नका. विचारायचं एवढंच: या घरावर करार आधीपासून आहे का? असला तर तो घराबरोबर तुमच्याकडे येतो. आणि करारात कोणती कामं कोणत्या वर्षी करायची याची यादी असते. ती यादी मागा. विकणाऱ्यानं काय केलं आणि काय तुमच्या गळ्यात ठेवलं, ते तिच्यात सालवार लिहिलेलं असतं.

सासू-सासऱ्यांसाठी दोन गोष्टी. या घरांत हॉल पुष्कळदा एक-दोन पायऱ्या खाली असतो, फोटोत त्या दिसत नाहीत. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर तिथे कठडा लागेल, तो आतला असल्यामुळे कुणाला विचारायला नको. बाथरूममध्ये हाताला धरायचा दांडा जुन्या फरशीत भोक पाडून लावू नका, फरश्यांच्या वरच्या बाजूला लाकडाचा आधार शोधून लावता येतो. आणि फोडणी! जुन्या घरातला पंखा लसणीच्या फोडणीपुढे टिकत नाही, बाहेर हवा टाकणारा हूड लागणार. त्याची नळी कौलांतून वर काढू देऊ नका, मागच्या भिंतीतून काढा. तुळस अंगणात मधोमध ठेवा, भिंतीला टेकून नको. रोजचं तांब्याभर पाणी त्या गिलाव्याच्या पायाशी जायला नको.

शेवटी काय करायचं ते. इथल्या नेहमीच्या करारात तपासणीला साधारण सतरा दिवस मिळतात. पहिल्याच दिवशी शहराच्या बांधकाम खात्यातून या पत्त्यावरचे सगळे परवाने काढा, १९२७ च्या मूळ परवान्यासकट. छपराचं, विजेचं आणि पायाचं काम केलं म्हणतात, तर त्या सालचे परवाने दिसलेच पाहिजेत. विकणाऱ्याकडे काम चालू असतानाचे फोटो मागा. ज्यानं खरंच जीव ओतलाय त्याच्याकडे ते शेकड्यांनी असतात आणि तो तुम्हाला दोन तास दाखवत बसतो. मग त्याची परवानगी घेऊन तपासनीसाला शिडीवर चढवा आणि कठड्यावर बागेच्या नळीनं अर्धा-पाऊण तास पाणी सोडायला सांगा. त्या वेळी तुमच्यापैकी एक जण आत, दर्शनी कमानीच्या खिडकीच्या कोपऱ्याशी टॉर्च घेऊन उभा असू दे.